नाती तपासणाऱ्या सिंधूअक्का

सिंधूअक्का आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. मग पर्सचा पट्टा खुर्चीच्या पायाला वेढा देऊन अडकवला, समोरच्या लॅपटॉपकडे जरा वेळ बघितलं, आणि पर्समधल्या पाकिटातून एक मरून रंगाची टिकली काढून त्याच्या कॅमेऱ्यावर चिकटवली. "हं, आता बोला," त्या निलेशभाऊला म्हणाल्या.

निलेशभाऊ आमचा मालक. जळगावातल्या पिंप्राळ्यात औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याचं ऑफिस होतं. वंशावळी जतन करण्याचं एक ॲप त्याने तयार केलं होतं. जळगाव-धुळ्याकडची पुष्कळ कुटुंबं त्यात आपापल्या कुळाची माहिती भरत होती. कोण कोणाचा मुलगा, कोण कुठे दिली, कोण कुठे स्थायिक झालं, सगळं. पण लोकांना आता स्वतः शोधत बसायचा कंटाळा. ते फोनमधल्या एआय मदतनिसाला सांगत, "माझ्या पणजोबांच्या भावाचा वंश कुठे आहे बघ," आणि तो मदतनीस परस्पर आमच्या ॲपला विचारून येई. त्याला विचारता यावं म्हणून आम्ही छोटी छोटी साधनं केली होती. एक माणूस शोधायचं, एक दोघांमधलं नातं सांगायचं, एक या शाखेतून त्या शाखेत जायचं. प्रत्येक साधनासोबत त्याचं वर्णन द्यावं लागतं. हे काय करतं, कधी वापरावं, कधी वापरू नये. ते वाचून मदतनीस ठरवतो, कोणतं साधन उचलायचं. ती वर्णनं लिहिण्याचं काम माझं. म्हणजे माझं लिखाण वाचणारं बहुतेक वेळा यंत्रच असायचं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग चुका काढणारं कोणी नाही, बरंच आहे की."

तिला अक्का माहीत नव्हत्या.

अक्का धुळ्याच्या. कोर्टात वारसदाखल्यांच्या टेबलावर नोकरी करून निवृत्त झालेल्या. नात्यांची गुंतागुंत कळणारं माणूस हवं म्हणून निलेशभाऊने त्यांना बोलावलं होतं. त्या आठवड्याचे काही दिवस धुळ्याहून एसटीने येत. आमची साधनं नीट उत्तरं देतात का, माझी वर्णनं बरोबर आहेत का, हे तपासणं त्यांच्याकडे होतं. उंच, सडसडीत, केस घट्ट बांधलेले. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता हातांकडे बघायची सवय. "खोटं बोलणाऱ्याचे डोळे सरावलेले असतात, हात नसतात," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासमोर बसलं की आपले हात कुठे ठेवावेत हेच समजत नसे.

त्या दिवशी निलेशभाऊ उत्साहाने म्हणाला, "अक्का, विचारा काहीही. बघा कसं उत्तर देतं."

अक्कांनी काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "आधी हे सांगा, मी विचारलेलं कुठे जातं?"

"म्हणजे?"

"मी कोणाबद्दल विचारलं हे कोणाला कळतं? ज्याच्याबद्दल विचारलं त्याला कळतं का?"

"त्याला कशाला कळायला हवं?"

"कोर्टात नोटीस काढावी लागते," अक्का म्हणाल्या, आणि डब्यातून आणलेला चहा कपात ओतू लागल्या. ऑफिसचा चहा त्यांनी कधी प्यायला नाही. दुधाचा वास घेऊन त्या मान हलवत, आणि कशासाठी हलवली ते सांगत नसत.

त्यांचं तपासणं म्हणजे उलटतपासणी. मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य त्या मोठ्याने वाचत आणि मध्येच थांबून विचारत, "हे कोणाच्या फायद्याचं?" एकदा नातं सांगणाऱ्या साधनाने दत्तक गेलेल्या एका माणसाला बिनधास्त जन्मदात्या बापाच्या वारसांत बसवलं. निलेशभाऊ म्हणाला, यंत्राकडून चूक झाली. अक्का म्हणाल्या, "चुकू द्या. पण चुकताना त्याला शंका कशी येत नाही? माणूस खोटी साक्ष देताना निदान पाणी तरी मागतो." त्यांच्या आग्रहाने मी वर्णनात घातलं, की नोंद अपुरी असेल तर उत्तरासोबत तसं स्पष्ट सांगावं. मला ते पटलं. यंत्रापेक्षा मलाच ती सूचना जास्त लागू पडत होती.

पण त्यांचा संशय दर वेळी बरोबरच निघे असं नाही. मध्यंतरी एक गृहस्थ निलेशभाऊकडे ब्रीफकेस घेऊन येऊ लागले. आले की आतल्या खोलीचं दार बंद. गेले की निलेशभाऊ खुशीत. अक्कांनी ठरवून टाकलं, की हा माणूस वंशावळींची माहिती विकत घ्यायला येतो. "लग्नाळू मुलामुलींची यादी कोणाला नको असते?" त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या. पुढच्या खेपेला तो आत असताना त्यांनी मला दारावर टकटक करायला सांगितलं. मी का-कू केली, तर स्वतःच गेल्या आणि दार ढकललं. आत निलेशभाऊ खुर्चीत ताठ बसलेला, आणि ते गृहस्थ त्याच्या टकलाभोवती टेप धरून विगचं माप घेत होते. ब्रीफकेसमध्ये केसांचे नमुने.

अक्कांनी दार हळूच ओढून घेतलं. माफी मागितली नाहीच. जिन्यात मला म्हणाल्या, "केस खोटे लावणारा माणूस बाकी काय खोटं लावील, सांगता येतं का?"

मला मात्र त्या दिवसापासून वेगळीच शंका येऊ लागली. ही बाई सगळ्यांवर संशय घेते, पण हिच्याबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे? धुळ्यात कुठे राहतात, घरी कोण आहे, नवरा होता की नाही, काही नाही. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, हातात बांगड्या होत्या. विचारलं तर म्हणत, "चाललंय." एका दुपारी त्या लवकर गेल्या, आणि मी आमच्याच साधनाला त्यांचं नाव घालून विचारलं. कुठल्याच कुळात त्यांची नोंद नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पर्स अडकवली, आदल्या दिवशी साधनांना विचारल्या गेलेल्या प्रश्नांची नोंद वाचायला घेतली. ते त्यांचं रोजचं काम, आणि ते मी विसरले होते. वाचता वाचता त्या थांबल्या.

"काल दुपारी कोणीतरी माझं नाव विचारलं."

मी हात टेबलाखाली घेतले.

"सापडलं का काही?"

"नाही, अक्का."

"बरं." त्यांनी डबा उघडला, पहिल्यांदाच दुसऱ्या कपात चहा ओतला आणि माझ्यासमोर सरकवला. "विचारलंस ते चांगलं केलंस. ओळख नसलेल्या माणसाशेजारी बसायचं म्हणजे एवढं हवंच."

त्या चहात सुंठ फार होती. मी सगळा संपवला.

पुढे जे घडलं तेही त्या नोंदीतूनच. काही कुटुंबांना आम्ही प्रयोग म्हणून साधनं वापरायला दिली होती. त्यांचे मदतनीस काय विचारतात हे बघून मी वर्णनं सुधारत असे. मला त्यात सुटे सुटे प्रश्न दिसत. अक्का ते जबानीसारखे क्रमाने वाचत. एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"हे एकाच खात्यावरचे प्रश्न आहेत. वाच."

अमळनेरजवळच्या एका गावातलं खातं. प्रकाश नावाच्या माणसाचं. पहिला प्रश्न, ज्योती नावाची मुलगी कोणत्या शाखेत आहे. ती त्याच्याच घरातली, सख्खी बहीण. पण तिच्या नावापुढे नोंद कोरी. लग्न नाही, गाव नाही, काही नाही. दुसरा प्रश्न, तिच्या वयाच्या ज्योती नावाच्या सुना इतर कुळांत कुठे आहेत. तिसरा, त्यांतल्या कोणाचं माहेर लिहिलेलं नाही. प्रश्न एकेकटे पाहिले तर साधे होते. आणि आमच्या साधनाने सालसपणे सांगून टाकलं होतं, की दुसऱ्या एका कुळात अशी एक सून आहे, नवऱ्याचं नाव अमुक, मुक्काम पाचोरा.

"आता पुढचा प्रश्न घराचा असेल," अक्का म्हणाल्या.

त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. कारण मला आठवलं आणि त्यांनाही आठवलं असणार. शाखेत माहिती अपुरी असेल तर जवळच्या शाखांत शोधावं, ही सूचना अक्कांनीच माझ्याकडून लिहून घेतली होती. कोर्टात हरवलेले वारस असेच सापडतात, असं तेव्हा त्या अभिमानाने म्हणाल्या होत्या. मग उठून आतल्या खोलीत गेल्या, आणि या वेळी दार वाजवलं.

"ते साधन बंद करा."

निलेशभाऊ वैतागला. "अक्का, भाऊ बहिणीला शोधतोय. यात काय वाईट आहे?"

"भाऊ आहे ना? मग 'माझी बहीण कुठे आहे' असं सरळ का विचारत नाही? आडून आडून का येतोय?"

"तुम्हाला सगळीकडे चोर दिसतात."

"दिसतात," अक्का म्हणाल्या. "त्या मुलीने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं असेल, घरच्यांनी तिचं नाव टाकलं असेल. आता अचानक कशाला शोधतात? चोर नसेल तर मी तुमची माफी मागेन. असेल तर तुम्ही कोणाची मागाल?"

निलेशभाऊने साधन बंद केलं. पण अक्का निघून गेल्यावर मला म्हणाला, "वर्षा, ही बाई एका मुलीच्या मागे एवढी का लागलीये? हिचा काय संबंध?" तो प्रश्न माझ्याही डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी अक्का आणि मी पाचोऱ्याला गेलो. अक्कांनी गाडीत बसण्याआधी मला फोन बंद करायला लावला. "आपणही तेच करतोय ना," त्या म्हणाल्या. "ती कुठे आहे हे आपल्याला तिने सांगितलेलं नाही." त्यांनी तिच्या घरी जायचं टाळलं. नवऱ्याच्या नोंदीत बाजारातलं पिको-फॉलचं दुकान होतं, तिथे गिऱ्हाईक म्हणून गेलो. मशिनवर तिशीतली एक बाई बसली होती. अक्कांनी पिशवीतून नवी साडी काढली, फॉलचा रंग निवडण्यात चिकार वेळ घालवला. बाकीची गिऱ्हाइकं गेली तेव्हा खालच्या आवाजात म्हणाल्या, "ज्योती, तुझा भाऊ प्रकाश तुला शोधतोय. पाचोऱ्यापर्यंत पोचलाय. घर त्याला कळलेलं नाही. आमच्याकडून कळणारही नाही. पण तुला माहीत असावं म्हणून आलो."

तिचा पाय मशिनच्या पेडलवर थांबला. ती रडली नाही की घाबरली नाही. अक्कांच्या साडीची घडी करून ती त्यांच्याकडे परत सरकवली.

"तुम्हाला त्यानेच पाठवलं ना?"

"नाही."

"मी कशावरून मानू? बाया पाठवण्याची रीतच आहे त्यांची. आधी एकदा मामी आली होती, गोड बोलून फोन नंबर घेऊन गेली. मग आम्हाला घर बदलावं लागलं."

आयुष्यभर दुसऱ्यांकडे पुरावा मागणाऱ्या बाईकडे स्वतःचा पुरावा नव्हता. मी काहीतरी सांगू लागले, ॲपबद्दल, ऑफिसबद्दल. अक्कांनी माझ्या दंडाला हात लावून मला थांबवलं.

"बरोबर बोलतेस तू," त्या ज्योतीला म्हणाल्या. चेहऱ्यावर हसू होतं, खरंखुरं. ते मी तोवर पाहिलं नव्हतं. "मानू नकोस. माझा पत्ता लिहून ठेव. धुळ्यात कोणालाही माझी चौकशी करायला सांग. पटलं तर फोन कर, नाही पटलं तर करू नकोस. आणि आज घरी वेगळ्या वाटेने जा."

त्यांनी आपला पत्ता तिच्यासमोर सांगितला. गल्ली, घराची खूण, शेजारणीचं नाव, माहेर-सासर दोन्ही धुळ्यातलंच, सगळं. मी शेजारी बसून पहिल्यांदा ऐकत होते.

"थोरला आहे तो," ज्योती म्हणाली. आता तीच अक्कांच्या हातांकडे बघत होती. "तो आईचं निमित्त सांगेल. बघा तुम्ही."

त्याने तेच सांगितलं. साधन बंद झालेलं बघून काही दिवसांनी प्रकाश स्वतः ऑफिसात आला. स्वच्छ पांढरा शर्ट, हातात केळ्यांची फणी, बोलणं अगदी नम्र. "आई आजारी आहे हो. बहिणीचं नाव घेते सारखं. भेट झाली पाहिजे. झालं गेलं आम्ही विसरलो." निलेशभाऊचा चेहरा मऊ पडला. माझाही पडला असेल. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं.

अक्का त्याच्या हातांकडे बघत होत्या. "आईशी बोलायला देता का?" त्या म्हणाल्या.

तो क्षणभर थबकला, मग हसून फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून थकलेला आवाज आला. "हां, मी आजारी शे. पोरले भेटू द्या." पाठ केल्यासारखं. अक्का म्हणाल्या, "नीट ऐकू येत नाही," आणि फोन उचलून कानाला लावला. अहिराणीत बोलू लागल्या. जेवण जातं का, झोप लागते का, औषध कोण देतं. बोलता बोलता गॅलरीत गेल्या. प्रकाश उठून मागे जाऊ लागला, तेव्हा निलेशभाऊ, ज्याला अक्कांचा सगळ्यात जास्त राग यायचा तो निलेशभाऊ, त्याच्या वाटेत उभा राहिला आणि म्हणाला, "बसा ना, चहा येतोय."

अक्का परत आल्या, फोन त्याच्या हातात दिला. "आईंना बरं वाटतंय म्हणे. आमच्याकडे तुमच्या बहिणीची माहिती नाही. केळी घेऊन जा."

त्याचा आवाज तेव्हा बदलला. माहिती असून तुम्ही दडवता, बघून घेईन, असं बरंच काही म्हणाला. जिन्यातूनही म्हणत होता.

तो गेल्यावर मी विचारलं, "आई आजारी नाही ना?"

"आजारी आहे," अक्का म्हणाल्या. "खूप आजारी आहे. पोरीला बघायचंयही तिला. त्या माणसाने एवढं खरं सांगितलं." त्या खाली बसल्या. "पण माझ्याशी एकटी बोलली तेव्हा म्हणाली, 'तिले इकडे येऊ देऊ नका. मी कितीबी रडनू तरी येऊ देऊ नका.'"

त्या दिवशी ऑफिसात पुढे काही काम झालं नाही.

साधनाचं वर्णन मी नव्याने लिहायला घेतलं. हयात माणसाचं ठिकाण कोणालाही सांगायचं नाही. विचारणा आली तर ती त्या माणसाकडेच पोचवायची, आणि त्याने होकार दिला तरच पुढे जायचं. यावर अक्कांचा नि माझा मोठा वाद झाला. मी लिहिलं होतं, होकार नसेल तर 'ही माहिती सांगता येणार नाही' असं उत्तर द्यावं.

"असं म्हटलं की संपलंच," अक्का म्हणाल्या. "सांगता येणार नाही म्हणजे माहिती आहे. शोधणारा तिथेच खणत बसेल. 'माहिती नाही' म्हणायला सांग."

"ते खोटं आहे, अक्का. यंत्राला एकदा खोटं बोलायला शिकवलं तर ते कुठे थांबेल?"

हे त्यांना पटलं, पण आवडलं नाही. प्रकाशला आपण काय सांगितलं तेही त्यांना आठवलं असावं. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. नोंद नसो किंवा असून दडवलेली असो, दोन्हींना एकच उत्तर: 'या प्रश्नाचं उत्तर इथे मिळणार नाही.' ते कुठल्या कारणाने आलं, हे विचारणाऱ्याला कधीच कळू नये. अक्कांनी ते वाक्य आडवं, उभं, उलटं वाचून पाहिलं. तऱ्हेतऱ्हेने फसवून बघितलं. मग म्हणाल्या, "राहू दे." त्यांच्याकडून एवढं ऐकायला मिळणं फार होतं.

ज्योतीचा फोन त्यांना आला की नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण पुढे एका सकाळी अक्कांचा निरोप आला, की डोळे तपासायचे आहेत, दोन दिवस येत नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी एका अनोळखी नंबरवरून मला फोन आला. ज्योती होती. अक्कांनीच नंबर दिला म्हणाली.

"ताई, आईला मावशीने धुळ्याला तपासायला नेलं होतं. दवाखान्यातून त्या दोघी अक्कांच्या घरी आल्या. मी आधीच येऊन बसले होते. दुपारभर होतो आम्ही. आईने माझ्या पोराला मांडीवर घेतलं. अक्का घरात थांबल्याच नाहीत. बाहेर ओट्यावर बसून होत्या, रस्त्याकडे बघत. कोणी येतंय का म्हणून."

तिची आई पावसाळ्याआधीच गेली. ज्योती गावी गेली नाही. आईचं ऐकलं, एवढंच मला म्हणाली.

प्रकाशने आपलं कुटुंब आमच्या ॲपमधून काढून घेतलं. आणखी काही घरांनीही काढलं, कारण त्याने आमच्याबद्दल बरंच पसरवलं होतं. निलेशभाऊने अक्कांना त्याबद्दल एक अक्षर ऐकवलं नाही. उलट नवीन कुटुंबांना आमचं ॲप दाखवताना तो आता ते एकच उत्तर आधी दाखवायचा. लोक विचारत, हे असं का? तो म्हणे, "आमच्या अक्कांना विचारा."

पण अक्का तोवर ऑफिस सोडून गेल्या होत्या. काम झालं, म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात आल्याच नाहीत. फोन लावला तर नंबर बंद. धुळ्याचा पत्ता मी ऐकला होता. जाऊन बघावं असं बरेचदा मनात आलं. गेले नाही. ज्या बाईने मला कोणाच्या दारात न विचारता जायचं नाही हे शिकवलं, तिच्याच दारात कशी जाणार?

मग त्या मला एकदाच दिसल्या. अमळनेरला निलेशभाऊच्या बहिणीचं लग्न होतं. त्याने कुठून तरी निरोप पोचवला असावा. जेवणाच्या मांडवात मी वाढप्यांना चुकवत जागा शोधत होते, तर एका टोकाला अक्का. हिरवी साडी, समोर ताट. शेजारी एक फार म्हातारी बाई, पाठीत वाकलेली, त्यांच्याकडे निरखून बघत होती. मी मागेच उभी राहिले.

"कोनी आंडेर शे तू?" म्हातारीने विचारलं. कोणाची मुलगी म्हणून.

मला वाटलं, आता अक्का 'चाललंय' म्हणून विषय तोडतील. त्या तर सरसावून बसल्या आणि सांगू लागल्या. सोनगीरच्या, खालच्या गल्लीतल्या. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आत्या कुठे दिली, चुलते किती, कोणाची विहीर कुठे. अस्खलित. त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. अक्कांचं माहेर-सासर दोन्ही धुळ्यात, हे पाचोऱ्याच्या दुकानात त्यांनी ज्योतीला सांगितलं तेव्हा मी शेजारीच होते.

म्हातारीचा चेहरा मात्र उजळत गेला. "मन्ही मावसबहीन सोनगीरनीच व्हती! त्याच गल्लीमा! मंग तू मन्ही भाची लागस ना वं!"

"लागस ना, मावशी," अक्का म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांची नजर वर आली आणि मी दिसले. त्या दचकल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला कळलं की मी काहीही बोलायचं नाही.

जेवणं झाली. म्हातारीबरोबर आलेली माणसं पांगली होती. तिला उठता येईना. अक्कांनी तिला धरून उठवलं, तिचे हात धुतले, पदराने पुसले, तिची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि गर्दीतून वाट काढत तिला मांडवाच्या तोंडाशी गाडीपाशी नेलं. तिथे म्हातारीने दोन्ही हात वर करून अक्कांचा चेहरा धरला, काहीतरी पुटपुटली, आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. सिंधूअक्का, खोट्या नात्याच्या त्या मावशीसमोर, पोरीसारख्या वाकून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.